जाहिरातदाराची कात्री

वाङ्मयाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सरकारी हुकूम उभा राहतो. १९०७ सालीं रंगभूमीवर आलेलें खाडिलकरांचें 'कीचकवध' १९१० सालीं बंद पडलें, तें अशाच हुकुमानें. परंतु अमेरिकेंत दूरचित्रवाणीच्या आरंभकाळीं नाटककाराची लेखणी अडविली ती मुख्यतः नाटकाचा खर्च सोसणाऱ्या जाहिरातदारानें.

रॉड सर्लिंगचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. १९५५ सालीं मिसिसिपी संस्थानांत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाचा खून झाला व गोऱ्या ज्यूरीनें आरोपींस निर्दोष सोडलें. त्या घटनेवरून सुचलेलें सर्लिंगचें 'नून ऑन डूम्सडे' १९५६ सालीं प्रसारित झालें. पण कोणत्या रूपांत? गांव दक्षिणेंतून न्यू इंग्लंडांत गेलें, बळी पडलेला मनुष्य कोणी एक परदेशी झाला, आणि दक्षिणेची आठवण होईल म्हणून कोकाकोलाची बाटलीहि दृश्यांतून हद्दपार झाली! १९५९ सालीं न्यूरेंबर्गच्या खटल्यावरील नाटकांत तर, खर्च करणारा संघ गॅसच्या धंद्यांतला म्हणून, वधगृहांतील 'गॅस' हा शब्दच मुका करण्यांत आला.

त्याच वर्षीं सर्लिंगनें 'द ट्वायलाइट झोन' ही अद्भुत कथांची माला सुरू केली. माणसास जें बोलण्याची बंदी, तें परग्रहवासीयांकडून वदवितां येतें, हें त्यानें ओळखलें होतें. यावरून कित्येक रसिक म्हणतात कीं, बंधनानेंच कलेस धार येते. आम्हांस हें मत मान्य नाहीं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हें पिटांतला प्रेक्षकहि जाणत होता. रूपकाची किल्ली त्याच्या हातीं होती. १९६० सालच्या 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' या कथेंत संशयानें शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो, तें चित्र विलक्षण प्रभावी आहे. परंतु ज्यास वर्णद्वेषाची आठवण नको असेल, तो तें निर्धास्तपणें पाहूं शकतो. सर्वांस सारखाच लागू पडणारा आरोप कोणासच झोंबत नाहीं.

या मालेंत उत्तम कलाकृति निर्माण झाल्या हें आम्ही आनंदानें मान्य करतों. मात्र त्याचें श्रेय लेखकाच्या प्रतिभेस आहे, कात्रीस नव्हे. सरकारी बंदीनें निदान नाटकाचें नांव तरी लोकांच्या तोंडीं राहतें. जाहिरातदाराची कात्री नाटक चालूं देते, आणि त्यांतून मेलेल्या मुलाचें नांव तेवढें नाहींसें करते.