वर्गणीदार, अनुयायी आणि वाचक

मराठी नियतकालिकांच्या संसारात 'वर्गणीदार' या शब्दाला फार मोठे मोल आहे. १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झालेले 'ज्ञानोदय' किंवा १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले 'निरोप्या' ही नियतकालिके इतकी दशके तगून राहिली, त्यामागे मनिऑर्डरीने वर्गणी पाठवणारी आणि अंक आला नाही तर पोस्टमनला विचारणारी माणसे होती. यूट्यूबनेही नेमका हाच शब्द उचलला आहे. मात्र तेथील वर्गणीदार वर्गणी देत नाही. अंगठ्याने एक कळ दाबली की तो वर्गणीदार होतो आणि पुढच्याच क्षणी विसरूनही जातो. अन्य माध्यमांनी तर त्याला थेट 'अनुयायी' करून टाकले आहे. आपल्याकडे अनुयायी संतांना असत. आता ते कोणालाही असू शकतात.

या विषयाकडे मी वळलो तो घरातल्या एका प्रसंगामुळे. माझ्या बहिणीचा मुलगा आर्वीजवळच्या गावात शेती पाहतो. पदवी झाली, नोकरी लागली नाही, आणि त्याने मोबाईलवर चित्रफिती करायला आरंभ केला. गवळाऊ जातीची गुरे, त्यांना राखणारी गवळी कुटुंबे, कापसाची वेचणी, वर्धा नदीकाठची वाडी असे त्याचे विषय होते. आठ महिन्यांत तीनशे-साडेतीनशे वर्गणीदार झाले. मग एके दिवशी चिखलात घसरून पडलेल्या एका म्हाताऱ्या गड्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत त्याने टाकली आणि दोन दिवसांत ती हजारोंनी पाहिली. त्यानंतर त्याचे गुरांकडचे लक्ष उडाले. रोज असेच काही सापडावे म्हणून तो गावभर फिरू लागला. "मामा, रोज रोज नवं काय दाखवू जी?" असे त्याने मला विचारले, तेव्हा त्याचे डोळे जागरणाने लाल झालेले होते.

त्याला उत्तर देण्यासाठी मी या नव्या वाङ्मयाकडे समीक्षकाच्या नजरेने पाहू लागलो. वाङ्मय हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कारण आज आपल्या घरांतील तरुण मुले कथासंग्रहापेक्षा या चित्रफितींतूनच मराठी ऐकतात, आणि जे भाषेला घडवते त्याची समीक्षा टाळणे हा आळस ठरेल.

पहिले उदाहरण 'आपली आजी' या वाहिनीचे. नगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या सत्तरीच्या घरातील बाई. नातवाने मोबाईल हाती धरला आणि आजीने चूल मांडली. त्यांच्या चित्रफितींतील कलागुण कोणता, असे विचारले तर मी म्हणेन, प्रमाण. बाई चिमूट आणि मूठ यांनी मोजतात, बोलतात तेवढेच जेवढे भाजी शिजताना बोलायला हवे, आणि 'सॉस' किंवा 'बेकिंग पावडर' हे शब्द नातवाकडून शिकून घेतात. हे शिकणे त्या लपवत नाहीत. प्रेक्षक पाककृतीसाठी येतो आणि आजी-नातवाच्या नात्यासाठी थांबतो. हे नाते रोज नव्याने रचावे लागत नाही, म्हणून ते आटत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ही वाहिनी कोणीतरी चोरट्या मार्गाने बळकावली आणि काही दिवसांनी ती परत मिळाली. आयुष्यभराचा स्वयंपाक आपला असला तरी तो मांडण्याची ओसरी परक्याची आहे, हे त्या चार दिवसांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण 'भारतीय डिजिटल पार्टी' अर्थात 'भाडिपा'चे. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या 'कास्टिंग काउच' या विडंबनात्मक मुलाखतींनी तिला नाव दिले. मराठी तरुण घरात जसे बोलतो तसे त्यांनी पडद्यावर बोलून दाखवले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यांचे घर बहुतेकदा पुणे-मुंबईचे असते. आर्वीच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या मुलाला त्यात हसू येते, स्वतःचे घर मात्र दिसत नाही. ही मर्यादा नोंदवूनही त्यांची एक गोष्ट अनुकरणीय वाटते. ते एकाच पडद्यावर विसंबून राहिले नाहीत. रंगमंचावरील विनोदाचे प्रयोग, माहितीपर 'विषय खोल', २०२१ ची 'शांतीत क्रांती' ही मालिका अशा अनेक दारांनी ते प्रेक्षकाला भेटले. समोर बसलेला माणूस आणि आकड्यातला माणूस यांत त्यांनी पहिल्यालाही जागा ठेवली.

या माध्यमाचे अर्थशास्त्रही समजून घ्यायला हवे. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी यूट्यूबने २०१८ पासून किमान १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाण्याची अट घातली. आखूड चित्रफितींसाठी अट निराळी आहे. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. पाच मिनिटांची चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली जाते असे धरले, तरी अठ्ठेचाळीस हजार वेळा ती पाहिली गेली पाहिजे. त्यानंतर जे उत्पन्न सुरू होते त्यातील ५५ टक्के निर्मात्याचे. म्हणजे घर चालेल एवढी मिळकत फार थोड्यांच्या वाट्याला येते. शिवाय काय दाखवायचे हे ठरवणारी यंत्रणा बदलत असते. २०१२ मध्ये यूट्यूबने किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला महत्त्व दिले, आणि क्षणभर चकवणाऱ्या मथळ्यांची किंमत उतरली. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांचे लाखो अनुयायी एका रात्रीत नाहीसे झाले. ज्यांच्यापाशी एखादी कला, एखादा विषय होता ते दुसरीकडे गेले आणि पुन्हा उभे राहिले. ज्यांच्यापाशी केवळ आकडा होता त्यांच्यापाशी काहीच उरले नाही.

मग टिकाऊ लोकसंग्रह कसा होतो? याचे उत्तर शोधायला परदेशी जाणकारांकडे जाण्याची गरज नाही. आमच्या वर्धा-अमरावतीच्या मातीत गाडगेबाबा (१८७६-१९५६) होऊन गेले. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, असे ते निक्षून सांगत. गावात आले की आधी हातात खराटा घेत, गाव झाडून काढीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. अनुयायी नाकारणाऱ्या या माणसामागे सारा महाराष्ट्र चालला. आधी सेवा, मग शब्द. आधी प्रश्न, मग उपदेश. लोकसंग्रहाचा याहून नेमका क्रम मला ठाऊक नाही.

आपल्या समाजातील उदाहरण द्यायचे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात संपादिलेल्या 'सुवार्ता'चे देता येईल. वसईच्या पाण्याचे, झाडांचे, गुंडगिरीचे प्रश्न त्या अंकांत आले. वाचक वाढवण्यासाठी त्यांनी वाचकाची खुशामत केली नाही. त्याच्या अंगणातला प्रश्न आपला मानला. म्हणूनच ख्रिस्तेतर मराठी वाचकालाही ते मासिक परके वाटले नाही.

या सर्वांतून माझ्या भाच्यासाठी मी जे निष्कर्ष काढले ते असे. रोज देण्याचा हट्ट सोडावा; आठवड्यातून एकदा, पण ठरल्या वारी द्यावे. वाचक ताजेपणापेक्षा भरवशाला अधिक सरावतो. विषय असा निवडावा की ज्याचा साठा आपल्या आयुष्यातच आहे. गवळाऊ गाईच्या एका वेताची हकीकत वर्षभर पुरेल. कोणी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यावे, कारण पहिले शंभर प्रेक्षक हेच पुढच्या हजारांचे जामीनदार असतात. पैसे घेऊन एखाद्या खताची वा बियाण्याची शिफारस केली तर तसे स्पष्ट सांगावे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून हा दंडक घातला आहे, पण दंडक नसता तरी शेजाऱ्याशी तेवढे खरे बोलावेच लागले असते. आपल्या चित्रफितींची प्रत आपल्यापाशी ठेवावी. आणि ज्याचे चित्र घेतो त्याची संमती घ्यावी.

शेवटचा मुद्दा मी त्याला सर्वांत आधी सांगितला. चिखलात पडलेला तो गडी आमच्याच शिवारातला होता. हजारो लोक त्याच्या पडण्याला हसले, आणि त्या हसणाऱ्यांत त्याची नातवंडेही होती. आकडा कसा मिळाला याचा विचार न करता आकडा मोजणे हे या माध्यमाचे खरे संकट आहे. जी चित्रफीत पाहून चित्रातल्या माणसाला मान खाली घालावी लागते ती कितीही पाहिली गेली तरी वाङ्मयाच्या दृष्टीने अपयशी आहे, असे मी मानतो.

भाच्याने ती चित्रफीत काढून टाकली. मग त्या गड्याच्या घरी जाऊन तो बसून आला. आता तोच म्हातारा त्याच्या चित्रफितीत बैलाचे वय दातांवरून कसे ओळखावे हे सांगतो. पाहणारे थोडे आहेत. पण परवा अमरावतीकडच्या एका शेतकऱ्याने विचारले, "पुढचा भाग केव्हा?" अंक आला नाही म्हणून पोस्टमनला विचारणारा तो जुना वर्गणीदार मला त्या प्रश्नात पुन्हा भेटला.