‘शेनमू ३’ : निष्ठा आणि अपूर्णता

यू सुझुकी यांच्या ‘शेनमू’ या जपानी व्हिडिओ गेमचा दुसरा भाग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पित्याच्या मारेकऱ्याचा माग काढणारा नायक रियो चीनमधील एका गुहेत येऊन थांबला होता. तेथून त्याचे पाऊल पुढे पडावयास २०१९ साल उजाडावे लागले. २०१५ मध्ये चाहत्यांनीच वर्गणीरूपाने ६३ लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली होती. या कृतीचा रसिक असा तिचा आश्रयदाताही होता. त्याच्या प्रतिक्रियेतील द्विधा भाव या संदर्भातच पाहिला पाहिजे.

तिसरा भाग त्याच गुहेत उघडतो. गावकऱ्यांकडे चौकशी, पैशांसाठी लाकडे फोडणे, कुंग-फूचा नित्य सराव ही जुनी रीत त्यात कटाक्षाने राखली आहे. कित्येकांना ही निष्ठा वाटली, कित्येकांना मधल्या अठरा वर्षांकडे केलेली डोळेझाक. एकाच रसिकाच्या ठायी दोन्ही भाव नांदावेत, हेही स्वाभाविकच होय.

तथापि संथपणाला दोष देणे न्याय्य ठरणार नाही. दिनक्रमाचे चित्रण हाच मूळ कृतीचा प्राण होता. खरे वैगुण्य कथानकात आहे. नायक व मारेकरी अखेरीस समोरासमोर येतात, नायक पराभूत होतो आणि कथा पुन्हा अपूर्ण राहते. चाहत्यांना त्यांचे जुने जग परत मिळाले. ज्या उत्तरासाठी ते थांबले होते, ते मात्र मिळाले नाही.