विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ : वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
विद्यार्थ्याची तक्रार म्हणजे महाविद्यालयाच्या शिस्तीला बाधा, असा समज आपल्या शैक्षणिक वर्तुळात दीर्घकाळ रूढ होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांनी तक्रार हा विद्यार्थ्याचा अधिकार मानला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या वाशिम जिल्ह्यातील पारंपरिक अभ्यासक्रमांची महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्नित आहेत. अशा महाविद्यालयांच्या संदर्भात या विनियमांचे बलस्थान आणि उणिवा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विनियमांचे स्वरूप :
प्रवेशातील अनियमितता, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, जादा शुल्काची मागणी, शिष्यवृत्तीस विलंब, अपारदर्शक मूल्यमापन, निकालातील दिरंगाई, भेदभाव अशा अनेक बाबींचा तक्रारीच्या व्याख्येत समावेश आहे. समितीत अध्यक्षासह पाच सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातील व्यक्ती असणे आवश्यक आहे. विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यावयाचा असतो. निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते व लोकपालाने ३० दिवसांत प्रकरण निकाली काढणे अपेक्षित आहे. मुदतीची ही निश्चिती हे विनियमांचे मोठे बलस्थान होय.

चिकित्सा :
पहिली उणीव प्रक्रियेच्या आरंभीच आढळते. ऑनलाईन आलेली तक्रार संस्था आपल्या अभिप्रायासह १५ दिवसांच्या आत समितीकडे पाठविते. म्हणजेच जिच्याविरुद्ध तक्रार आहे, त्या संस्थेचे म्हणणे समितीपुढे तक्रारीसोबतच येते. तो अभिप्राय विद्यार्थ्याला वाचावयास मिळाला नाही, तर त्याचे उत्तर तो कसा देणार? शिवाय समितीची शिफारसही अखेरीस संस्थेच्याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते.

दुसरी उणीव लहान महाविद्यालयाच्या रचनेतून निर्माण होते. मानोरा, मालेगाव यांसारख्या तालुक्याच्या गावी प्राध्यापकवर्ग मर्यादित असतो. ज्यांच्याविषयी तक्रार आहे ते आणि जे निर्णय देणार ते, एकाच कर्मचारी कक्षात बसतात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही त्यांच्याच हाती असतात. तेव्हा विद्यार्थी तोंडी कुरबूर करतो, परंतु लेखी अर्ज देत नाही. आणि लेखी तक्रारच नसेल, तर १५ दिवसांची मुदत सुरू तरी कशी व्हावी? लोकपालाचे पद विद्यापीठ स्तरावर आहे. वाशिमहून अमरावतीचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे, हेही विसरता येत नाही.

तिसरा प्रश्न अधिकारकक्षेचा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी प्रणालीद्वारे आणि संबंधित शासकीय विभागामार्फत मिळते. तेथील विलंबावर महाविद्यालयीन समितीचा आदेश चालत नाही. मात्र अर्ज महाविद्यालयाच्या स्तरावरच पडताळणीविना पडून असेल, तर उत्तरदायित्व महाविद्यालयाचे ठरते. हा भेद विद्यार्थ्याला सांगितला जात नाही, तोवर त्याच्या वाट्याला केवळ हेलपाटे येतात. गुणांविषयीच्या तक्रारीतही असेच घडते. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखविल्याशिवाय लोकपाल पुनर्मूल्यांकनाचा अर्ज स्वीकारत नाही. अशा प्रसंगी स्वतःची उत्तरपत्रिका पाहणे हे पहिले पाऊल असावे. माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला ती पाहता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेला आहे. लैंगिक छळाची तक्रार मात्र २०१३ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या अंतर्गत समितीकडेच जावयास हवी.

उपाय :
विनियमांत दुरुस्ती होण्याची वाट न पाहता महाविद्यालयांना पुढील गोष्टी करता येतील. १) तोंडी तक्रार ऐकणाऱ्या प्राध्यापकाने ती लिहून घ्यावी आणि तारखेसह पोच द्यावी. २) संस्थेच्या अभिप्रायाची प्रत विद्यार्थ्याला सुनावणीपूर्वी द्यावी. ३) ज्या सदस्याविषयी अथवा ज्याच्या विभागाविषयी तक्रार आहे, त्याने त्या सुनावणीतून बाजूला व्हावे. ४) निर्णय सकारण व लेखी असावा आणि अपिलाची मुदत व लोकपालाचा पत्ता त्यातच नमूद करावा. ५) तक्रार आपल्या कक्षेबाहेरची असल्यास योग्य कार्यालयाचे नाव लिहून द्यावे.

निष्कर्ष :
आयोगाने अपिलाचा मार्ग आखून दिला आहे; परंतु त्या मार्गावरचे पहिले पाऊल महाविद्यालयाच्या कार्यालयात पडते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी त्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले असतात. त्यांच्या दृष्टीने तारीख घातलेली पोच हीच पुढील सर्व हक्कांची किल्ली होय. तक्रारवहीचे पान कोरे राहिले याचा अर्थ महाविद्यालयात सारे आलबेल आहे असा घेणे धोक्याचे आहे. मूल्यांकन समितीपुढे ‘तक्रारी निरंक’ असा शेरा अभिमानाने मांडण्यापूर्वी, त्या निरंकतेमागे समाधान आहे की धास्ती, हे प्राध्यापकवर्गाने तपासून पाहणे आवश्यक आहे.