मर्ढेकरांचे लयतत्त्व आणि रंगसंवेदना

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या सौंदर्यविचाराची मराठीतील चर्चा प्रायः वाङ्मयाच्या अनुरोधाने झाली आहे. ते स्वाभाविकच होते. स्वतः मर्ढेकर कवी, आणि वादही पेटला तो काव्याच्या महात्मतेवरून. परंतु ‘आर्ट्स अँड मॅन’ (१९३७) पासून ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) पर्यंतच्या त्यांच्या विवेचनाचा पाया साहित्यात नाही; तो रंग आणि स्वर यांत आहे. साहित्याचा विचार या पायावर मागाहून उभारलेला आहे. म्हणून इमारतीविषयी भांडण्यापूर्वी पाया एकदा तपासून पाहणे इष्ट ठरेल. स्वर येथे बाजूला ठेवून केवळ रंगाचा विचार करावयाचा आहे.

मर्ढेकरांचे म्हणणे थोडक्यात असे सांगता येईल. ललितकलेचे माध्यम म्हणजे संवेदना. चित्रात त्या रंगाच्या व रेषेच्या असतात. या संवेदनांची संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनुसार रचना झाली की सौंदर्य निर्माण होते. चित्रात दिसणारी वस्तू, तिची व्यवहारातील किंमत, तिच्याशी निगडित कथा या गोष्टी सौंदर्यनिर्णयाच्या बाहेरच्या. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात या भूमिकेची गणना अलौकिकतावादी पक्षात केली, ती याचमुळे. ज्या समाजात चित्र पाहणे म्हणजे बहुधा त्यातील देव किंवा नायिका ओळखणे होते, त्या समाजात ही भूमिका मांडण्याला धैर्य लागले असले पाहिजे, हे प्रथमच नमूद केलेले बरे.

या उपपत्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: संवेदना आधी असते आणि तिचे दुसरीशी नाते नंतर जुळते. जणू तांबडा व हिरवा हे दोन मणी प्रथम हाती येतात, मग त्यांची माळ ओवावयाची. रंगाच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील रंगशाळेचा प्रमुख शेव्ह्रल याच्याकडे तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायांसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो. त्याने तपासले तेव्हा काळ्या लोकरीत दोष आढळला नाही. शेजारच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. १८३९ साली त्याने या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६३ मध्ये योझेफ आल्बर्स याने कागदाचे साधे तुकडे घेऊन दाखविले की एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन रंग होतो, आणि दोन भिन्न रंग एक भासू शकतात.

मर्ढेकरांचा कैवारी येथे म्हणेल की संवेदना म्हणजे अनुभवास येते ती. शेजारामुळे पालटलेला काळा हीच तेथील संवेदना, आणि लय तिचीच. हे उत्तर मोलाचे आहे, परंतु महागही आहे. ते स्वीकारले म्हणजे संवाद आणि विरोध हे दोन स्वतंत्र संवेदनांच्या तुलनेतून ठरतात असे म्हणता येणार नाही. आपल्याकडील धूपछाव वस्त्र घ्या. उभे धागे तांबडे, आडवे हिरवे. तेच तांबडे व हिरवे सूत रुंद पट्ट्यांनी शेजारी विणले तर प्रखर विरोध. धागाधाग्याने गुंफले तर दोहोंचा विरोध लोपून एक तिसरीच, पदर हलताच पालटणारी छटा हाती येते. सूत तेच, रंगाचे पिंप तेच. मग विरोध कोठे होता? तो सुतात नव्हता, विणीत होता. तात्पर्य, नाते हे संवेदनेवर चढविलेले नसून संवेदनेच्या घडणीतच असते. लयतत्त्वाला याने धक्का बसत नाही. किंबहुना ते मर्ढेकरांना वाटले त्याहून अधिक मूलगामी ठरते. धक्का बसतो तो सुट्या, शुद्ध संवेदनेच्या कल्पनेला.

ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली चित्रांची साक्षही येथे काढण्याजोगी आहे. तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढाच काय तो रंग. लग्नाच्या चौकात स्त्रिया तो गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर काढीत आल्या. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी हे चित्रण भिंतीवरून कागदावर व कापडावर आणले, तेव्हा आधी त्या पृष्ठावर शेणाचा किंवा गेरूचा हात फिरवावा लागला. कोऱ्या कागदावर पिठाचा पांढरा दिसणारच नाही. या चित्रांना एकरंगी म्हणण्याचा प्रघात आहे, तो मला चुकीचा वाटतो. पांढऱ्याला पांढरेपण देणारी भिंत हा त्यांतील दुसरा रंग आहे. तो केवळ कुंचल्याने लावलेला नसतो इतकेच.

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे. भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरांत हंगामात मिठाच्या राशी लागतात. ऊन कलू लागले की राशीची उजेडाकडील बाजू पिवळसर होते आणि सावलीच्या बाजूवर केवळ आकाशाचा प्रकाश पडत असल्याने ती स्पष्ट निळसर असते. पण बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, तो मीठ पांढरे असल्याचेच सांगेल, आणि त्याला खरोखरच ते पांढरे दिसत असते. डोळा प्रकाशाची वजाबाकी करून वस्तूचा रंग पाहतो. २०१५ साली एका पोशाखाच्या छायाचित्रावरून जगभर तंटा झाला. कोणाला तो निळा-काळा दिसे, कोणाला पांढरा-सोनेरी. वस्त्रावर पडलेला प्रकाश कोणता, याविषयी पाहणारांच्या दृष्टीने नकळत केलेले अनुमान भिन्न होते, असे त्याचे सर्वसाधारणपणे स्वीकारलेले स्पष्टीकरण आहे. म्हणजे सामान्य दृष्टीत रंग हा कशाचा तरी, कोणत्या तरी उजेडातला रंग असतो. वस्तू आणि व्यवहार यांना मर्ढेकरांनी दाराबाहेर ठेवले, पण ते आधीच घरात आहेत. मिठाची सावली निळी पाहणे ही दृष्टीची सुरुवात नव्हे. ते चित्रकाराने कष्टाने मिळविलेले यश आहे. मोनेने १८९०–९१ मध्ये गंजी पुनःपुन्हा रंगविल्या त्या हेच मिळविण्यासाठी. मर्ढेकर ज्याला माध्यम म्हणतात ते पुष्कळदा साध्य असते.

आपली भाषाही या बाजूने बोलते. जांभळा, नारिंगी, डाळिंबी, आमसुली, अंजिरी, अबोली, मोरपंखी, श्रीखंडी: मराठीने फळांकडून, फुलांकडून, पाखराकडून आणि ताटातूनही रंग घेतले. अर्थात ‘जांभळे लुगडे’ म्हणताना कोणाला जांभूळ आठवत नाही, तेव्हा या पुराव्यावर फार भार देता येणार नाही. अधिक बोलका पुरावा जोडशब्दांचा आहे. वस्त्र पांढरेशुभ्र असते, चेहरा पांढराफटक पडतो. शेत हिरवेगार म्हणतात, विष पोटात गेलेल्याचे अंग काळेनिळे. शुभ्र आणि फटक यांतील अंतर छटांच्या तक्त्यावर दाखविता यावयाचे नाही. एकात प्रसन्नता आहे, दुसऱ्यात भय. हे भय डोळ्याने पाहिल्यानंतर मनाने जोडले, की पाहण्यातच होते? निदान बोलणाराने ते वेगळे काढलेले नाही.

याचा परिणाम मर्ढेकरांच्या साहित्यविचारावर होतो. चित्राचे माध्यम शुद्ध संवेदना आणि साहित्याचे माध्यम शब्दांचे भावनात्मक अर्थ, अशी विभागणी केल्यामुळे त्यांना काव्यातील प्रतिमांसाठी भावनानिष्ठ समतानतेची स्वतंत्र कल्पना आणावी लागली. ही कल्पना त्यांच्या शास्त्रातील सर्वांत सुपीक कल्पना आहे असे माझे मत आहे. परंतु पांढऱ्याफटक चेहऱ्याचे चित्र काढणाराला तिची गरज कवीइतकीच भासेल. समतानता चित्रकलेतही मान्य केली, तर कलांच्या माध्यमांतील भेद जातीचा न राहता प्रमाणाचा होतो, आणि साहित्याला अन्य ललितकलांच्या पंक्तीत बसविण्यासाठी मर्ढेकरांनी केलेला सारा खटाटोप निराळ्या रीतीने करावा लागतो. तो त्यांच्याच लयतत्त्वाच्या आधारे करता येईल असे मला वाटते. मात्र त्यासाठी ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ काव्याच्या बाजूने नव्हे, रंगाच्या बाजूने पुन्हा वाचावा लागेल.