डिबेटचा काटा कोण तपासणार?

टीव्हीवरच्या चर्चेत दोन्ही बाजूंची माणसं बसवली की झाली तटस्थता, असं आपल्याला सांगितलं जातं. आम्हाला ते पटत नाही. कल दिसतो तो विचारलेल्या प्रश्नात, पडद्याखालच्या पट्टीत, आणि कुणाला किती बोलू दिलं त्यात.

६ एप्रिल २०२२ ची ‘न्यूज१८ इंडिया’वरची चर्चा घ्या. विषय होता कर्नाटकातला हिजाबचा वाद. हिजाबच्या बाजूने बोलणाऱ्यांचं नातं थेट अल-कायदाच्या जवाहिरीशी जोडलं गेलं. तक्रार गेली एनबीडीएसएकडे. हे वाहिन्यांच्याच संघटनेचं स्वनियमन प्राधिकरण. तेव्हा अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती सिक्री. २१ ऑक्टोबरला निर्णय आला: ५० हजार रुपये दंड, व्हिडिओ काढून टाका. विषय निवडण्याला हरकत नाही, पण मर्यादा ओलांडणाऱ्या पाहुण्यांना आवरणं हे अँकरचं काम आहे, असं त्यात बजावलं. निर्णय चांगलाच होता.

पण तारखा बघा ना! एप्रिल ते ऑक्टोबर. डिबेट मात्र रोज रात्री. प्रेक्षकाने सात दिवसांत आधी वाहिनीकडेच तक्रार करायची, उत्तर पटलं नाही तर पुढे जायचं, आणि तीही एकेका भागाबद्दल. एका भागात बाजू झुकली तर ती चूक म्हणता येईल. महिनाभर एकाच बाजूला झुकत राहिली तर ते धोरण असतं. त्याची तक्रार करायची कुठे?

दंडाचं तेच. तेव्हा कमाल मर्यादा होती एक लाख, तीही २००८ पासूनची. ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानेच ती कुचकामी ठरवली आणि दंड कार्यक्रमाच्या नफ्याच्या प्रमाणात असावा, असं सुचवलं.

मग हा काटा सरकारच्या हाती द्यायचा का? मुळीच नाही. ज्याच्या कारभारावर चर्चा व्हायची, तोच पंच कसा चालेल? २०२१ च्या केबल नियमांनी तिसऱ्या पायरीवर सरकारला बसवलंच आहे, तेवढंही आम्हाला जास्त वाटतं.

आमचं मागणं साधं आहे. प्राधिकरणाने सुटा भाग न पाहता महिनाभराची मालिका पाहावी: कोण बोलावले, किती मिनिटं बोलले, पट्टीवर काय लिहिलं. आणि निर्णय विरोधात गेला, तर त्याच वेळेला, त्याच अँकरने तो वाचून दाखवावा. दंड भरून मोकळं होता येतं. आपल्याच प्रेक्षकांसमोर चूक वाचणं जड जातं.