जालपृष्ठांतील भाषासामग्री : एक पद्धतिदोष

जालपृष्ठांवरून भाषासामग्री गोळा करणाऱ्या अलीकडील काही प्रबंधिका वाचताना एक पद्धतिदोष वारंवार आढळला. एचटीएमएलची रचना अंतर्गर्भ असते. एका ‘डिव्ह’च्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. कितीही खोल जाणारी अशी रचना नियमित व्याकरणाच्या आटोक्यातली नव्हे, हे चॉम्स्की यांच्या १९५६ मधील विवेचनापासून आपण शिकवीत आलो आहोत. तरीही संशोधक रेग्युलर एक्स्प्रेशनचा साचा लावतो. तो साचा पहिल्याच समाप्तिखुणेशी थांबतो, अथवा शेवटच्या खुणेपर्यंत सारे गिळतो. बातमीबरोबर जाहिरातही शब्दगणनेत शिरते आणि वारंवारितेवर उभारलेला निष्कर्ष डळमळतो. पार्सर आधी वृक्ष उभारतो. परिच्छेदाची समाप्तिखूण गाळलेली असली (तशी मुभा एचटीएमएलच देते) तरी त्याचे अडत नाही.

साचे त्याज्य आहेत, असे नव्हे. वृक्षातून हाती आलेल्या मजकुरातील सनावळी टिपण्यास ते पुरेसे होत. मात्र तेथेही मराठीच्या अभ्यासकाने सावध असावे. पायथनच्या ‘आरई’ या घटकातील शब्दवर्णाची खूण काना-वेलांटीस वर्ण मानीत नाही. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ एवढेच उरते. एका प्रबंधिकेच्या सूचीत ‘ठ’ हा बहुप्रयुक्त शब्द म्हणून नोंदलेला मी पाहिला आहे. खाली मार्गदर्शकांची सहीही होती.