भिंतीवरील साक्ष

पांढुर्णा व सौंसर या मराठी बोलणाऱ्या तहसिली १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिल्या. २०२३ साली त्या दोहोंचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील गोंड वस्त्यांत जाणाऱ्या पाळकास वा धर्मशिक्षकास आदिवासी चित्रे अपरिचित नाहीत. दिनदर्शिकांवर व सरकारी इमारतींवर ती त्याने पाहिलेली असतात. या चित्रांनी आदिवासी स्त्रीच्या मनाच्या जखमा भरून येतात, असे अलीकडे पुष्कळ बोलले जाते. हे विधान आपण सहज मान्य करतो. याच राज्यातील तीन चित्रकर्त्रींच्या कामावरून ते तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

झाबुआ जिल्ह्यातील पिटोल हे भूरीबाई यांचे गाव. भिल्ल समाजात घरावर आजार वा संकट आले की बडव्याच्या सांगण्यावरून पिठोऱ्याचा नवस बोलतात, आणि तो फेडताना भिंतीवर देवांचे घोडे ‘लिहितात’. लिहिणारा लखारा पुरुषच असतो. स्त्रीने ते घोडे काढू नयेत असा दंडक आहे. म्हणजे आरोग्यासाठी चित्र काढण्याची प्रथा जुनीच आहे. तीत स्त्रीच्या हाताला मात्र स्थान नव्हते. भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर भूरीबाई मजुरी करीत असता जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना रंग व कागद दिले. त्यांनी दंडक मोडला नाही. झाडे, पशुपक्षी, आपले घरदार त्यांनी ठिपक्याठिपक्यांनी काढले. पुढे भोपाळच्या जनजातीय संग्रहालयाच्या भिंतीवर स्वतःचे चरित्रही रंगविले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मते या चरित्रचित्राचे मोल पुरस्काराहून मोठे आहे. ज्या परंपरेत भिंतीवर देवांची स्वारी येत असे, तेथे एका मजूर स्त्रीचे आयुष्य आले, आणि ते तिने स्वतः आणले.

मंडला जिल्ह्यातील बुरबासपूरच्या दुर्गाबाई व्याम यांनी आईकडून दिगणा शिकून घेतला. सणासमारंभास भिंतीवर व जमिनीवर स्त्रिया काढतात ती ही नक्षी. (ही रीत मंडला-दिंडोरीकडील आहे, पांढुर्ण्याच्या प्रत्येक गोंड घरात ती असेलच असे धरून चालू नये.) डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ ही चित्रकथा दुर्गाबाई व त्यांचे पती सुभाष व्याम यांनी चित्रित केली; ती २०११ साली प्रसिद्ध झाली. चित्रकथेतील नेहमीचे चौकोनी रकाने त्यांनी नाकारले व पाने दिगण्याच्या पट्ट्यांनी विभागली. तीत कठोर बोल विंचवाच्या नांगीसह येतात, तर मृदू बोल पक्ष्याच्या आकारात. पाणी नाकारल्या गेलेल्या मुलाची कथा अशा रीतीने आईच्या रेघेने तोलून धरली आहे. ओळख केवळ वेशभूषेत वा हरणाच्या आकृतीत नसते. जग मांडण्याच्या पद्धतीत असते, आणि ती पद्धत दुसऱ्याचे दुःखही वाहू शकते. २०२२ च्या पद्मश्रीने याच हाताचा गौरव झाला.

उमरिया जिल्ह्यातील जोधैयाबाई बैगा यांचे उदाहरण मात्र आपल्या समजुतीस अडविते. वैधव्य व मजुरी यांत आयुष्य गेल्यावर, सत्तरीच्या सुमारास, आशीष स्वामी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रथम कुंचला धरला. २०२३ साली त्या पद्मश्रीच्या मानकरी झाल्या व डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या चित्रांत वैधव्याचा विलाप शोधणाऱ्याच्या हाती मोहाचे झाड आणि वाघ लागतात. प्रत्येक चित्रात जखम शोधणे हा समीक्षेचा आळस होय. ज्या स्त्रीने दुःख भोगले तिला आनंदाचे चित्र काढण्याचाही अधिकार आहे.

मग आरोग्य कोठे आहे? मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडलेली स्त्री वस्त्रास स्पर्श करताच बरी झाली होती. तरीही प्रभू थांबला. तिने सर्वांसमक्ष घडलेले सारे सांगितले, आणि त्याने तिला कन्या म्हटले. देहाचे दुखणे आधीच गेले होते. समाजातील तिचे स्थान या सांगण्याने व या हाकेने परत मिळाले. या चित्रांचे आरोग्यदानही असेच आहे, असे आम्ही समजतो. ते दुःख पुसून टाकीत नाही. सांगणारीला तिचे नाव परत देते.

म्हणून मंदिराच्या भिंतीवर आदिवासी चित्र हवे असेल, तर तयार प्रसंग देऊन केवळ ‘गोंडी शैलीची’ मागणी करू नये. काढणाऱ्या बाईस विषय निवडू द्यावा, योग्य मोबदला द्यावा, आणि तिच्या घोड्याला वा वाघाला आपले अर्थ चिकटविण्यापूर्वी तिचे ऐकून घ्यावे. चित्राखाली तिचे नाव असावे. ते नसेल तर आपण भिंत सुशोभित केली असेल, पण साक्ष ऐकलेली नसेल.